मदत हवी आहे: १९१९ च्या बेसबॉल लाचेचा हिशेब

१९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) मुद्दाम हरण्यासाठी शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या खेळाडूंना जुगाऱ्यांकडून लाच कशी पोचली, यावर लेख लिहितेय. एडी सिकॉटचे १०,००० डॉलर पहिल्या सामन्याआधीच उशीखाली आले. जो जॅक्सनला २०,००० कबूल झाले होते, मिळाले ५,०००. तेही संघातल्याच लेफ्टी विल्यम्सच्या हातून. बक वीव्हरला तर छदामही नाही, तरी आजन्म बंदी! ते फार लागतं मनाला.

१९२० च्या ग्रँड ज्युरीपुढच्या (खटला भरायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) सिकॉट-जॅक्सनच्या साक्षी वाचल्यात, इंग्रजीची अडचण नाही. शिकागोला जाणं शक्य नाही, ऑनलाइनच हवं. अडलंय ते जुगारी आणि खेळाडू यांच्यातल्या मधल्या दुव्यावर, संघातल्याच चिक गँडिलवर. जुगाऱ्यांनी पुढचे हप्ते बुडवले, की पैसे गँडिलनेच ठेवून घेतले? हे ठरवता येईल असा अस्सल कागद कुठे मिळेल?