विभागाच्या निधीसाठी अर्ज लिहिताना पुण्याचा प्रवास कसा पटवून द्यावा?

रावपुरा_एमए:
मी वडोदऱ्यात मराठी विषयात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. १९०९ आणि १९२१ साली आपल्या गावी भरलेल्या साहित्य संमेलनांची दखल पुण्याच्या ‘केसरी’ने कशी घेतली, यावर मी लघुप्रबंध लिहीत आहे. जुने अंक पाहण्यासाठी चार दिवस पुण्यास जावे लागेल. प्रवास, राहणे आणि छायाप्रती धरून विभागाकडे ८,००० रुपये मागण्याचा विचार आहे. मसुद्याचे पहिले दीड पान सयाजीराव महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढून त्यांच्या व्याजातून ग्रंथप्रकाशन कसे चालवले, यावर खर्च झाले आहे. मार्गदर्शकांनी तो वाचून ‘यात तुम्ही पुण्यात नेमके काय पाहणार?’ एवढेच विचारले. कोठे चुकले?

मांडवीकर:
ते दीड पान काढून टाकावे. महाराजांचे औदार्य विभागप्रमुखांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते तुमचे काम. ‘जुने अंक’ असे मोघम न लिहिता मोजून सांगावे. त्या काळी ‘केसरी’ साप्ताहिक होता. प्रत्येक संमेलनाच्या आधीचे चार आणि नंतरचे आठ आठवडे धरले, तर दोन्हींचे मिळून २४ अंक होतात, आणि २४ अंकांना चार दिवस कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. १९२१ चे अध्यक्ष न. चिं. केळकर स्वतः ‘केसरी’चे संपादक राहिलेले, तर १९०९ मध्ये टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, ही तुलनाच तुमच्या विषयाचा कणा आहे, म्हणून ती पहिल्या परिच्छेदात दोन वाक्यांत यावी. मात्र त्याआधी मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि हंसा मेहता ग्रंथालय येथे शोध घेऊन, कोणत्या तारखेला काय पाहिले आणि काय मिळाले नाही, याची नोंद अर्जास जोडावी. जे येथे मिळते त्यासाठी प्रवासखर्च कोणी मंजूर करीत नाही, आणि करूही नये.

दांडियाबाजार:
वरील मताशी सहमत आहे. फक्त पैशांविषयी थोडे लिहितो. पुण्याच्या ग्रंथालयास आधी पत्र पाठवून बाहेरच्या विद्यार्थ्यास प्रवेश मिळेल का, छायाप्रतींचा दर काय आणि जीर्ण अंकांची छायाचित्रे घेऊ देतात का, हे विचारावे व त्यांचे उत्तर अर्जासोबत लावावे. मी विद्यार्थी असताना मंजुरीचे पत्र हाती येण्यापूर्वीच तिकीट काढले होते. लेखा विभागाने तिकिटावरची तारीख पेन्सिलीने अधोरेखित करून ते परत केले आणि तो खर्च माझ्याच खिशातून गेला. रिक्षाची पावती मिळत नाही, म्हणून ती रक्कम मागूच नये. ३१ मार्चला वर्ष संपते. तेव्हा बिले फेब्रुवारीतच द्यावीत.

रावपुरा_एमए:
दोघांचेही आभार. पुण्यात आत्याकडे राहता येईल, म्हणून राहण्याचा खर्च काढला आहे. दोन दिवसांसाठी प्रवासाचे १,८०० आणि छायाप्रतींचे १,२०० मिळून ३,००० रुपये होतात. उद्या मांडवीला जाऊन नोंद करते. अर्जाची सुरुवात आता अशी आहे: ‘१९०९ व १९२१ च्या बडोदे संमेलनांसंबंधी “केसरी”चे २४ अंक तपासण्यासाठी दोन दिवसांच्या पुणे प्रवासास पूर्वमंजुरी मिळावी, ही विनंती.’