गावात कासवं येतात, पण लोक म्हणतात वनखातं नको. काय करायचं?

खाजणवाला:
आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी किनाऱ्यावर. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पूर्वी लोक अंडी उकरून न्यायचे ते आता कमी झालंय पण कुत्री-कोल्हे सोडत नाहीत. वेळाससारखं (मंडणगड तालुक्यातलं ते कासव महोत्सवाचं गाव) काहीतरी करूया म्हणून पोरांनी मीटिंग लावली तर म्हातारी मंडळी म्हणतात, आज कासवासाठी आले, उद्या होडी वर ओढायला पण परवानगी मागावी लागेल. कोणाला अनुभव?

बाणकोटकर:
म्हाताऱ्यांचं अगदीच चूक नाही हो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, तिथल्या मच्छीमारांचा विरोध कित्येक वर्षं चालला. पण वेळासला अभयारण्य नाहीये! २००२ ला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने काम सुरू केलं, गावातलीच माणसं पहाटे किनारा फिरायची, घरटं सापडलं की अंडी कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबवायच्या जागेत. महोत्सव, पाहुणे, घरोघरी मुक्काम हे सगळं नंतरचं. तुम्ही लोक आधी महोत्सवाचा बॅनर छापाल, तेवढं करू नका 😄

मुंबईची_मी:
वेळासला दोन दिवस राहिलो, सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलली की आत पिल्लं नाहीतच, नुसती वाळू!! मुलगी रडली. काकूंनी उकडीचे मोदक खाऊ घातले म्हणून निभावलं. नक्की तारीख आधी का सांगत नाहीत?

बाणकोटकर:
ताई, अंडी उबायला साधारण ४५ ते ५५ दिवस, वाळू किती तापते त्यावर पुढेमागे होतं. पिल्लांना कोण तारीख देणार

रापणवाला:
खाजणवाला भाऊ, मीटिंगला होडीवाल्यांना बोलावलंत का? की नुसती कॉलेजची पोरं? आमच्याकडे गणित बदललं ते जाळ्याच्या पैशाने. कासव, डॉल्फिन, देवमासा असलं काही अडकलं आणि जाळं कापून सोडलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, डिसेंबर २०१८ पासून. सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायचा, जाळं कापताना पण, नाहीतर अर्ज अडकतो. खलाशांना हे पाठ पाहिजे कारण फाटलेल्या जाळ्याचा भुर्दंड मालकाला आणि शिव्या खलाशाला.

खाजणवाला:
होडीवाले नव्हते, खरंय. आणि भरपाईचं माझ्या सख्ख्या काकालाच माहीत नाही, त्याची स्वतःची होडी आहे. आता पुढची मीटिंग जेटीवरच लावतो, होड्या लागल्यावर.