शब्दचर्चा: ‘शार्प’ फोटो म्हणजे नक्की कसा?

प्रश्न

महिन्याभरापूर्वी नवा मिररलेस कॅमेरा घेतला. सोबत १८-५५ची किट लेन्स आणि ५५-२००ची झूम आहे. फोटो संगणकावर मोठे करून बघते तेव्हा बरेचसे मनासारखे नसतात. जाणकारांना दाखवले की सगळे एकच सांगतात, ‘शार्प नाही आला.’ पण का नाही आला ते त्या शब्दातून कळत नाही. म्हणून विचारते, या ‘शार्प’ला मराठीत काय म्हणायचं? कोशात तीक्ष्ण, धारदार, कुशाग्र असे शब्द सापडले. ‘तीक्ष्ण फोटो’ कानाला पटत नाही. आणि उलट अर्थी अस्पष्ट, धूसर, अंधुक, पुसट यांतला कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद

तीक्ष्ण सुरी असते, नजर असते, बुद्धी असते. फोटोला माझं मत ‘रेखीव’. कडा जणू रेघ ओढून काढल्यासारख्या दिसतात, म्हणून.

प्रतिसाद

‘रेखीव’ सुंदर शब्द आहे, पण अडचण अशी की नाक-डोळे रेखीव असतात ते मुळातच. रेखीव चेहऱ्याचाही फोटो बिघडू शकतो. सर्वसाधारण अर्थाने ‘सुस्पष्ट’ चालेल. मात्र ताई, तुमचा खरा प्रश्न उलट बाजूचा आहे असं मला वाटतं. चांगल्या फोटोला एक शब्द पुरतो. बिघडलेल्याला पुरत नाही, कारण तो अनेक तऱ्हांनी बिघडतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. ‘ब्लर’ म्हणून आपण त्या सगळ्यांची एकच मोट बांधतो. मराठीत त्या वेगळ्या करायला शब्द आहेत, आणि बोलताना आपण ते वापरतोही.

पहिला, हललेला. ‘फोटो हलला’ हे घराघरात म्हणतात आणि अगदी बरोबर म्हणतात. फक्त कोण हललं ते विचारायचं. चित्रातला प्रत्येक ठिपका एकाच दिशेला ओढला गेला असेल तर आपला हात हलला. मागची भिंत ठीक आणि धावणारं मूलच तेवढं फरफटलेलं असेल तर समोरचा हलला. हाताच्या हलण्यावर जुना ठोकताळा असा: लेन्सची फोकल लांबी (१८-५५, ५५-२०० हे आकडे तिचेच) जितकी मिलिमीटर, सेकंदाच्या निदान तितक्याव्या भागाचा शटर स्पीड, म्हणजे शटर तेवढाच वेळ उघडं. तुमचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) असेल तर लांबीला दीडने गुणा. म्हणजे २०० मिमीला ३००, जवळचा आकडा १/३२०. आजचे सेन्सर बारीकशी थरथरही दाखवतात, तेव्हा याच्या दुप्पट वेग मिळाला तर घ्याच. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे थरथर शोषणारी सोय, हात सावरतं, पण धावणाऱ्या मुलाला थांबवत नाही. तिथे १/५०० किंवा त्याहून जास्त वेगच लागतो.

दुसरा, हुकलेला. यात चित्रात कुठेतरी काहीतरी सुस्पष्ट असतंच, फक्त हवं ते नसतं. डोळ्याऐवजी कान, फुलाऐवजी मागचं पान. कॅमेऱ्याला फोकसची जागा स्वतः निवडू दिली की तो बहुधा जवळची किंवा ठळक वस्तू धरतो. एकच फोकस बिंदू निवडा, तो डोळ्यावर ठेवा. डोळा ओळखण्याची सोय असेल तर माणसांसाठी ती चालू करा.

शब्दचर्चाच आहे म्हणून थोडं विषयांतर. लॅटिनमध्ये ‘फोकस’ म्हणजे चूल. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली तो प्रकाशशास्त्रात आणला. भिंगाने ऊन एका जागी गोळा केलं की कागद पेटतो, हे आठवलं की शब्द चपखल वाटतो. जर्मनमध्ये तर त्या जागेला सरळ ‘जळता बिंदू’च म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिथे ‘नाभी’ आहे, म्हणून फोकल लांबीला ‘नाभीय अंतर’. संस्कृतात नाभी म्हणजे चाकाचा तुंबाही, जिथे सगळे आरे येऊन मिळतात. भिंगातून आलेले किरण तसेच एका जागी मिळतात. मला हा शब्द चुलीपेक्षाही आवडतो.

तिसरा, मऊ. हात स्थिर, फोकस नेमका, तरी बारीक तपशील विरघळल्यासारखा. हा लेन्सचा मामला. बहुतेक लेन्स पूर्ण उघड्या अपर्चरला (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राला) थोड्या मऊ असतात, विशेषतः कोपऱ्यांत. दोन स्टॉप, म्हणजे छिद्राच्या दोन पायऱ्या, बंद केल्या की सुधारतात.

बाकीचे पटकन. उजेड कमी म्हणून आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) चढवला आणि चित्रावर कण आले तर रवाळ. काचेवर बोटांचे ठसे असतील किंवा समोरून ऊन येत असेल तर धूसर. फार मोठा केल्यावर चौकोन दिसू लागले तर फाटला, हा छपाईवाल्यांचा शब्द. ‘अंधुक’ मी उजेडाच्या कमतरतेसाठी आणि ‘पुसट’ विटलेल्या प्रिंटसाठी राखून ठेवीन.

प्रश्नकर्ती

फार उपयोग झाला. दोन शंका. अपर्चर बंद केल्यावर सुधारतं म्हणून मी निसर्गदृश्यांना एफ/२२ ठेवत होते, पण ते फोटो मऊच आहेत. आणि रॉमध्ये काढलेला फोटो फोनच्या फोटोपेक्षाही मिळमिळीत का दिसतो?

प्रतिसाद

एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान. म्हणून एफ/२२ला विवर्तन आडवं येतं. छिद्र जितकं लहान, तितका प्रकाश त्याच्या कडेशी पसरतो आणि बिंदूची चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी ती एफ/८ला साधारण ११ मायक्रॉन असते, एफ/२२ला ३० मायक्रॉनच्या आसपास. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा! म्हणून निसर्गदृश्याला एफ/८, फार तर एफ/११.

१९३२ साली कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम या छायाचित्रकारांनी मुद्दाम मऊ काढलेल्या चित्रांची प्रथा नाकारली आणि आपल्या गटाचं नावच ‘ग्रुप एफ/६४’ ठेवलं. स्पष्टतेसाठी एका अपर्चरचा आकडा नाव म्हणून घेतला, ही मला भाषेच्या दृष्टीनेही मोठी गोष्ट वाटते. पण त्यांचे कॅमेरे मोठ्या निगेटिव्हचे, ८ बाय १० इंचांपर्यंतचे. तेवढं मोठं निगेटिव्ह फारसं वाढवावं लागत नाही, त्यामुळे चकती खपून जाते. आपल्या छोट्या सेन्सरला तो आकडा लावता येत नाही.

रॉचं उत्तर ‘रेखीव’ सुचवणाऱ्यांना आनंद देईल. रॉ म्हणजे कच्चा माल, सेन्सरने टिपलेला, जवळजवळ संस्कार न केलेला. फोन, आणि जेपेग देताना कॅमेरासुद्धा, कडांचा गडद-फिका फरक वाढवून देतो. तपशील तेवढाच राहतो, पण कडा उठून दिसतात. रॉमध्ये हे काम आपण करायचं. म्हणजे शार्पमध्येही दोन गोष्टी आहेत: तपशिलाची बारकाई लेन्स आणि सेन्सर देतात, कडांचा रेखीवपणा नंतर वाढवता येतो. नसलेली बारकाई मात्र कुठल्याही स्लायडरने येत नाही. कडा वाढवण्याच्या त्या प्रक्रियेचं नाव ‘अनशार्प मास्क’ का, तर डार्करूममध्ये मूळ निगेटिव्हवर त्याचीच एक मुद्दाम मऊ केलेली प्रत ठेवून प्रिंट काढत. मऊ प्रतीमुळे चित्र रेखीव होई, आणि नाव त्या मऊ प्रतीवरून पडलं.

प्रश्नकर्ती

काल जुने ६० फोटो काढून बसले आणि तुमच्या शब्दांची फोल्डरं केली. ३४ हललेले निघाले, त्यांतले बहुतेक २०० मिमीवर १/६० किंवा १/८०ला काढलेले. १५ हुकलेले, सगळे कॅमेऱ्याने स्वतः बिंदू निवडलेले. मऊ १०, सगळे एफ/२२चे. मी लेन्स बदलायच्या विचारात होते, तो विचार सोडला.

एक फोटो कुठेच बसत नाही. भर दुपारी, मोकळ्या मैदानापलीकडचा पक्षी. १/१०००, एफ/८, ट्रायपॉड, फोकस पक्ष्यावरच. तरी पिसांच्या कडा वाकड्यातिकड्या. याला काय म्हणू?

प्रतिसाद

हा हवेचा दोष. तापलेल्या जमिनीवरच्या हवेत गरम-गार थर हलत राहतात आणि किरण वाकत येतात. मृगजळ दिसतं तेही किरण असे वाकल्यामुळेच. ‘लहरलेला’ म्हणा. लेन्स कितीही चांगली असली तरी इथे काही करू शकत नाही. त्याच जागी सूर्योदयानंतर लगेच जा, आणि जमेल तेवढं जवळ जा.