कंपनीचा पार्ट की बाहेरचा? अनुभव सांगा

कृष्णाकाठ
सकाळी गाडी सर्व्हिसिंगला दिली. दुपारी मेकॅनिकचा फोन, "ताई, ब्रेक पॅड संपलेत, कंपनीचे टाकू का बाहेरचे?" आणि एकदम सांगलीतले आमचे फिटरकाका आठवले. बाबांची निळी चेतक होती. तिरकी करून मग किक मारायची, ज्यांच्याकडे होती त्यांना सांगायला नको. काका आरसा, मडफ्लॅप, सीट कव्हर बिनधास्त बाहेरचं लावायचे. प्लग मायकोचा. पण ब्रेक लायनर आणायला बाबांना स्वतः डीलरकडे पिटाळायचे. "साहेब, मागं पोरं बसत्यात. ज्यानं गाडी थांबती ते कंपनीचंच."
मी अजून तोच नियम धरून चालते. तुम्ही काय करता? लिहा सगळ्यांनी.

तिखटमीठ
बंपर! बाहेरचा लावला, निम्म्याहून कमी पैशात. रंग जुळला, पण क्लिपा बसेनात आणि हेडलाइटखाली बोट जाईल एवढी फट. धावायला काही अडत नाही, तरी रोज डोळ्यांत खुपते. पुढच्या वेळी कंपनीचाच.

घाटवाट
काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं. आंबोली उतरत होतो, गाडी भरलेली, सासू-सासरे मागे. एका गॅरेजने नुकतेच पॅड बदलून दिले होते, कंपनीचे म्हणून पैसेही घेतले. निम्म्या घाटात जळका वास आणि पेडल दाबतोय तरी गाडी आवरेना. दुसऱ्या गिअरवर आणून कशीबशी कडेला घेतली. पॅडचा मसाला हलका असला की तापल्यावर पकडच सोडतो. गावात चालवताना कळत नाही, घाटात कळतं. अजून त्या वळणावर पोटात गोळा येतो.

कृष्णाकाठ
बापरे. सासूबाई ठीक ना?

घाटवाट
ठणठणीत. खाली उतरल्यावर आधी गणपतीला नारळ, मग मला चहा.

सुटेभाग
निम्मं आयुष्य स्पेअरच्या काउंटरवर गेलं, म्हणून जरा लांबण लावतो. लोक दोनच प्रकार धरतात, ओरिजनल आणि लोकल. काउंटरवर चार असतात. एक, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. दोन, जो कारखाना गाडीच्या कंपनीला पार्ट पुरवतो त्याच्या स्वतःच्या खोक्यातला. बॉशचे फिल्टर, व्हॅलिओचा क्लच, गॅब्रिएलचे शॉकअब्सॉर्बर, एसकेएफची बेअरिंग, असली नावं तुम्हाला गाडीतही सापडतील आणि दुकानातही. हा बहुतेक वेळा स्वस्त पडतो, आणि आपल्या गाडीला मूळचा कुणाचा आहे ते माहीत असेल तर मी डोळे झाकून हाच देतो. तीन, इतर कारखान्यांचा, ज्याचा त्याच्या नावाने. यात उत्तमही आहे आणि टाकाऊही. चार, कंपनीचं खोकं हुबेहूब छापून आत वाट्टेल ते. शिव्या तिसऱ्याला बसतात, गुन्हा चौथ्याचा असतो. घाटवाट, तुम्हाला मिळाला तो चौथा.
होलोग्राम, पार्ट नंबर, एमआरपी बघा. जुना पार्ट बरोबर न्या आणि दोन्ही हातांत धरून बघा, पुष्कळदा वजनच सांगतं. पक्कं बिल द्यायला खळखळ करणाऱ्याकडून ब्रेकचं आणि स्टिअरिंगचं काही घेऊ नका.

चहाबाज
हे चौथ्याचं माहीतच नव्हतं. सेव्ह केलं.

वाळूजकर
आमच्या वाळूजला एन्ड्युरन्सचे ब्रेक, शॉकअब्सॉर्बर बनतात, ते मोठ्या कंपन्यांच्या दुचाकींत जातात. भाऊ अशाच एका कारखान्यात तपासणीला होता. सांगायचा, मापात केसाएवढा फरक आला तरी पेटी परत.

चहाबाज
वाळूजला कुठे? मी बजाजनगरला राहायचो!

वाळूजकर
मोरे चौकाजवळ. या कधी, चहा पाजतो, नाव सार्थ करा.

काळीमाती
तुमचं ठीक आहे, शहरात डीलर आहे. ट्रॅक्टर पेरणीत बंद पडला आणि तालुक्याला पार्ट नाही, चार दिवसांनी येईल म्हणाले. वाफसा चार दिवस थांबतो का? कोल्हापुरात उद्यमनगरला नमुना नेला, लेथवर बुश करून घेतला, संध्याकाळी ट्रॅक्टर रानात. अजून चालतोय. हाताला कसब असलेला माणूस भेटला तर बाहेरचं वाईट नसतं.

सुटेभाग
अगदी. उद्यमनगरच्या कारागिरांना तोड नाही.

बिनधास्त_ताई
ऑइल फिल्टरवर कुणी बोललंच नाही. चांगल्या फिल्टरात एक रबरी झडप असते, इंजिन बंद केल्यावर तेल खाली निथळू देत नाही. हलक्या फिल्टरात ती टणक होते, मग सकाळी सुरू करताना क्षणभर खडखड. तो क्षण इंजिन कोरडं फिरतं. फिल्टरमध्ये वाचतं किती आणि इंजिनला खर्च किती, हिशेब करा. कुकर लावलाय, नंतर येते.

पोस्टातला
वॉरंटीची भीती घालतात म्हणून सांगतो. 2014 साली स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2500 कोटींवर दंड ठोठावला होता, सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. पुढे अपिलं झाली. पण बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, हेही त्याच आदेशात होतं.
आणि विमा: साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक-रबराच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात, काचेवर काही नाही. तिखटमीठ, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घेतलीय का? बंपरला उपयोग झाला असता.

तिखटमीठ
आता रिन्यूअलला बघते. थँक्यू दादा.

गिरगावकर
आमच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी कार आहे, वडिलांची. तिच्या बाबतीत प्रश्नच मिटला, नवा पार्ट देणारी कंपनीच राहिली नाही. चोर बाजार, जुन्या टॅक्सीवाल्यांच्या ओळखी, नाहीतर मोडीतल्या गाडीतून काढून. 2023 मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी बंद झाल्या, आता त्या ओळखीही आटत चालल्यात. कुणाकडे दाराची हँडलं असतील तर कळवा, ड्रायव्हर बाजूचं हवंय.

कृष्णाकाठ
सांगलीत विचारते. आणि मी पॅड सांगितले, कंपनीचेच. पण शॉकअब्सॉर्बरही गेलेत म्हणाला, ते सुटेभाग म्हणतात तसे दुसऱ्या खोक्यातले चालतील ना?

सुटेभाग
चालतील. जोडीने बदला, एकच नको. आणि खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा.