अभ्यासिकेच्या भिंतीवर लिहायला वचनं सुचवा, पण कोण बोललं ते पक्कं पाहिजे (कोल्हापूर)

मंगळवारपेठकर

मंडळी नमस्कार, जरा सल्ला पाहिजे. आमच्या तालमीच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका सुरू करतोय, स्पर्धा परीक्षा आणि पोलीस भरतीची पोरंपोरी बसतील. टेबलं आली, पंखे लागले, भिंतीला पांढरा रंग मारून झाला आणि आता थोरामोठ्यांची वचनं लिहायची असं ठरलंय. फ्लेक्स नको, पेंटरकडनं ब्रशनं लिहून घेऊया असं सगळ्यांचं मत पडलं, म्हणजे एकदा लिहिलं की दहा वर्षं तरी ते तसंच राहणार. ग्रुपवर यादी मागवली तर एकच वाक्य एकानं विवेकानंदांच्या नावावर पाठवलंय, दुसऱ्यानं कलाम सरांच्या आणि तिसऱ्यानं चाणक्याच्या. आता इथं बसणारी पोरं तीच वाक्यं निबंधात लिहिणार, मुलाखतीत बोलणार, तिथं समोरच्यानं "हे कुठं म्हटलंय त्यांनी?" विचारलं तर उत्तर पाहिजे की नको? म्हणून प्रत्येक वचनाखाली नाव, साल आणि कुठं बोलले किंवा कुठं लिहिलं एवढं आलंच पाहिजे असं माझं ठाम म्हणणं आहे. आठ-नऊ जागा आहेत. निम्मी तरी आपल्या भागाशी नातं असलेली असावीत. सुचवा, आणि खात्री करायला कुठं जायचं तेही सांगा.

जुनी_पानं

भावा, लई चांगलं काम काढलंयस. आधी काय घ्यायचं नाही ते सांगतो, कारण तुझ्या यादीत ही नक्की आली असणार.

"तुझं म्हणणं मला पटत नाही, पण ते म्हणायचा तुझा हक्क मी प्राणपणानं जपेन" हे फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरचं म्हणून जगभर चालतं. व्हॉल्टेअर वारला १७७८ ला. हे वाक्य इव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेनं १९०६ साली लिहिलं, व्हॉल्टेअर आणि त्याच्या मित्रांवरच्या पुस्तकात, त्याची वृत्ती कशी होती ते सांगताना तिनं स्वतःच्या शब्दांत घातलेलं. वाक्य सोन्यासारखंच आहे, लिहायचं तर तिचं नाव घालून लिही. "पाव नसेल तर केक खा" हे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतचं म्हणून सांगतात, ते पण तसलंच, रूसोच्या आत्मचरित्रात ती गोष्ट कुठल्याशा राजकन्येच्या नावानं येते, नाव दिलेलंच नाही, आणि तो भाग लिहिला गेला तेव्हा मारी आंत्वानेत ही लहान पोरगी होती, फ्रान्सला आलीसुद्धा नव्हती.

गांधीजींचं "जगात जो बदल हवा तो आधी स्वतः व्हा" हे या शब्दांत त्यांच्या लिखाणात मिळत नाही. पण १९१३ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी लिहिलंय की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाची रीतही बदलेल. हे जास्त खोल आहे आणि त्यांचंच आहे, मग तेच का नको?

आणि चाणक्याच्या नावानं येणाऱ्या ज्या वाक्याखाली ग्रंथ नाही, अध्याय नाही, ते सरळ बाजूला ठेव.

बिंदू_चौक

आपल्या बिंदू चौकात फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं १९५० साली उभा राहिला, बाबासाहेब हयात असताना! त्या गावातल्या अभ्यासिकेत पहिली जागा या दोघांचीच.

फुल्यांचं सगळ्यांना पाठ असतं पण भिंतीवर बघतो तेव्हा बहुतेक ठिकाणी ते कापलेलं असतं. पूर्ण असं आहे:

विद्येविना मति गेली;
मतिविना नीति गेली;
नीतिविना गति गेली;
गतिविना वित्त गेले;
वित्ताविना शूद्र खचले;
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

'शेतकऱ्याचा असूड', १८८३. लोक पाचवी ओळ गाळतात, का गाळतात ते कळतंच, पण ती काढली की हे नुसतं "शिक्षणाचं महत्त्व" होऊन बसतं. फुले कुणाबद्दल बोलतायत, कुणाचं नुकसान झालं म्हणतायत ते त्या एका ओळीत आहे. सहाच्या सहा ओळी घ्या, ही माझी हात जोडून विनंती.

बाबासाहेबांचं मला सगळ्यात भावतं ते २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण. धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा रस्ता असेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे, असं ते त्यात म्हणतात. संविधान सभेची कामकाजाची छापील नोंद आहे, शब्द न् शब्द तपासता येतो. भाषण इंग्रजीत झालं, तेव्हा मराठी शब्द सरकारनं काढलेल्या 'लेखन आणि भाषणे'च्या मराठी खंडातनं घ्या, माझ्या या ओळी उतरवू नका.

कसबा_बावडा

शाहू महाराजांचा जन्म आमच्या बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला, २६ जून १८७४, त्यामुळं मला बोलायचा जरा जास्तच हक्क आहे असं समजा 🙏

शाहू महाराजांच्या नावावर जयंतीला इतकी गुळगुळीत वाक्यं फिरतात की ती वाचून महाराज कोण होते ते कळतच नाही. माझं म्हणणं, त्यांचं वचन शोधत बसूच नका, त्यांचा हुकूम भिंतीवर लिहा. २६ जुलै १९०२ चा करवीर गॅझेटमधला जाहीरनामा बघा, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गातल्या लोकांना द्यायच्या. एवढंच. कुठं अलंकार नाही, "बंधूंनो" नाही, खात्यांना सांगितलेलं काम आहे. तसंच १९१७ चं सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण, पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळात रुपया म्हणजे काय रक्कम होती बघा, आणि राजा तो दंड पोरगं शाळेत यावं म्हणून लावतोय. सरकारी नोकरीसाठी घासणाऱ्या पोरांनी रोज मान वर केली की १९०२ ची ती ओळ दिसावी, मला तर कल्पनेनंच भरून येतंय.

मंगळवारपेठकर

@कसबा_बावडा हे डोक्यातच आलं नव्हतं, एकदम पटलं. पण काहीजण म्हणतील की वचन कुठं आहे यात, हा तर सरकारी कागद झाला. त्यांना काय सांगू? आणि मूळ शब्द मिळतील कुठं?

कसबा_बावडा

त्यांना सांगा की महाराज बोलत होते ते असंच, कागदावर सही करून. मूळ मजकुरासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे, आणि तिथवर जायचं नसेल तर विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात शाहू महाराजांच्या कागदपत्रांचे छापील खंड बघा. करवीर नगर वाचन मंदिरातही विचारा, १८५० पासूनची संस्था आहे, तिथली जुनी माणसं कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ते सांगतील.

भाषणच पाहिजे असेल तर माणगाव परिषद, २१ आणि २२ मार्च १९२०, आपल्याच हातकणंगले तालुक्यातलं माणगाव. तिथं महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्ही तुमचा खरा पुढारी शोधून काढलात, आंबेडकर तुमचा उद्धार केल्याशिवाय राहणार नाहीत. बाबासाहेब तेव्हा २८ वर्षांचे होते. गादीवरचा राजा तरुण पोराबद्दल हे भर सभेत बोलतो, याहून मोठं काय लिहिणार भिंतीवर?

शब्दवेडा_गारगोटी

माणगाव निघालंच आहे तर 'मूकनायक'चं सांगतो. ३१ जानेवारी १९२० ला पहिला अंक निघाला, शाहू महाराजांनी त्याला अडीच हजारांची मदत केलेली, आणि माथ्यावर बाबासाहेबांनी काय छापलं तर तुकोबा:

काय करूं आतां धरूनियां भीड । नि:शंक हें तोंड वाजविलें ॥
नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण । सार्थक लाजून नव्हे हित ॥

मुकाट बसणाऱ्याचा जगात कुणी वाली नसतो, लाजून भलं होत नाही. खेड्यातनं आलेली पोरं मुलाखतीच्या खोलीत तोंड उघडायला घाबरतात, त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. खाली दोन्ही नावं घाला, तुकाराम महाराज आणि 'मूकनायक', १९२०. एका वचनात तुकोबा, बाबासाहेब आणि शाहू महाराज तिघंही आले. तुकोबांची ओळ तपासायची तर सरकारी गाथा उघडा, व्हॉट्सॅपवर "तुका म्हणे" लावून कुणी काहीही खपवतो.

तालमीतला_गडी

सगळं ज्ञानाचंच झालं, खाली पैलवान घाम गाळतायत त्यांच्यासाठी पण एक घ्या की! दत्ताजी शिंदे, बुराडी घाट, १० जानेवारी १७६०. "बचेंगे तो और भी लढेंगे." गोळी लागून पडलेला माणूस "और लढोगे?" विचारणाऱ्या शत्रूकडच्या कुतुबशहाला हे उत्तर देतो. भरतीत एका मार्कानं राहिलेल्या पोराला दुसरं काय सांगायचं ओ.

जुनी_पानं

@तालमीतला_गडी घ्याच, पण खाली "बखरीतून" असं लिहा. तिथं उभं राहून कुणी टिपून घेतलेलं नाही, मागाहून बखरकारांनी सांगितलेलं आणि लोकांनी जपलेलं वाक्य आहे. त्यानं त्याची किंमत कमी होत नाही, फक्त संविधान सभेतलं भाषण आणि बखर यात फरक असतो तो पोरांना कळायला पाहिजे, इतिहासाचा पेपर देणार आहेत ती.

शाळेतल्या_बाई

अख्खा धागा वाचत खाली आले, एक बाई नाही हो यादीत! (हॉल बाईंचं नाव आलं ते पण व्हॉल्टेअरमुळं.) अभ्यासिकेत पोरी बसणार आहेत ना?

मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग घ्या. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव दार लावून आत बसलेत आणि धाकटी बहीण बाहेरनं सांगते:

विश्व रागें झालें वन्ही । संतीं सुखें व्हावें पाणी ॥
शब्द शस्त्रें झालें क्लेश । संतीं मानावा उपदेश ॥

सगळं जग रागानं पेटलं तरी आपण पाणी व्हावं, आणि शब्द शस्त्रासारखे लागले तरी त्यातनं शिकावं. माझ्या वर्गातली एक मुलगी निकालानंतर घरात कुणाशी बोलत नव्हती, तिला मी हा अख्खा अभंग लिहून दिला होता. पुढं तिनं तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला, कोपरे गोल कापून, वर सेलोटेप लावून. म्हणून सांगते, हे पोरींना लागतं. पोरांनाही लागत असेल.

आणि बहिणाबाई चौधरी, "आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर." बाईंना लिहिता वाचता येत नव्हतं, त्या १९५१ ला गेल्या आणि गाणी पुस्तकात आली १९५२ ला. पुस्तकांच्या खोलीत शाळा न शिकलेल्या बाईचे शब्द असावेत असं मला मनापासून वाटतं.

इचलकरंजीकर

बाईंना पूर्ण अनुमोदन.

माझ्याकडनं एक, यात तुमच्या नाव-गावाच्या आग्रहाला आधारच मिळतो. ८ एप्रिल १९२९, दिल्लीची असेंब्ली, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त बाँब टाकतात आणि पत्रकं भिरकावतात. पत्रकाची सुरुवातच अशी, बहिऱ्यांना ऐकू जायचं तर आवाज मोठा लागतो, आणि लगेच पुढं लिहिलंय की हे अमर शब्द वैलाँ या फ्रेंच अराजकवादी हुतात्म्याचे आहेत. म्हणजे बघा, पकडलं जायचं ठरवून आलेत, पुढं फाशी दिसतेय, आणि त्या एका पानाच्या पत्रकात पण दुसऱ्याचं वाक्य दुसऱ्याच्या नावानं दिलंय त्यांनी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भगतसिंगांबद्दलचा आदर दुप्पट झाला. आणि त्यांनी तिथं दिलेली "इन्किलाब जिंदाबाद" ही घोषणा मौलाना हसरत मोहानींची, १९२१ ची. भिंतीवर ती घेतली तर दोन्ही नावं घ्या, मोहानींनी दिली आणि भगतसिंगांनी घरोघर पोचवली.

वारणाकाठ

दोन पटकन. अण्णा भाऊ साठे, वाटेगावचे म्हणजे आपल्या शेजारचेच, १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला म्हणाले की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही तर दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. दुसरं कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीद, "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद", संस्था १९१९ ची. कर्मवीरांचा जन्म कुंभोजचा.

टिळकांचं "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क" सगळीकडंच असतं, त्यापेक्षा १९०८ च्या खटल्यातलं घ्या. ज्युरीनं दोषी धरल्यावर ते म्हणाले की मी निर्दोष आहे असंच माझं म्हणणं राहील, माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणारी याहून वरची शक्ती आहे. मुंबई हायकोर्टात त्या शब्दांची पाटी आहे, १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी लावली. ज्या कोर्टानं शिक्षा दिली त्याच कोर्टाच्या भिंतीवर!

मंगळवारपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्री बसून ठरवलं ते असं. दारासमोरची मोठी भिंत १९०२ च्या जाहीरनाम्याला, तिच्या एका बाजूला फुले पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला 'मूकनायक'चा अभंग. खिडक्यांच्या मधे मुक्ताबाई, बहिणाबाई, अण्णा भाऊ, बाबासाहेब. जिन्यात दत्ताजी, खाली "बखरीतून" लिहून. भगतसिंगांच्या पत्रकाची ओळ वैलाँच्या नावासकट पुस्तकांच्या कपाटावर. टिळक आणि कर्मवीर पुढच्या खोलीला प्लास्टर झालं की. शनिवारी मी आणि अजून दोघं खर्डेकर ग्रंथालयात जाऊन मजकूर उतरवून आणतो, कुणाला यायचं असेल तर सांगा.

बिंदू_चौक

मी येतो. एक सांगून ठेवतो, पेंटरला मजकूर फोनवर पाठवू नका, छापील पानाची झेरॉक्स द्या, ओळी तोडायच्या तिथंच तोडायला सांगा, आणि रंग भरायच्या आधी खडूनं आखलेलं दोघांनी मोठ्यानं वाचून बघा. फुल्यांचं 'मति' आणि 'नीति' यातली शेवटची वेलांटी ऱ्हस्वच ठेवा, जुन्या छपाईत तसंच आहे, पेंटर आपणहून दीर्घ करतो.