पोळी फुटली, पराठा फाटला: सांगा आपापले अनुभव

वाळवंटीकाठ

चवथीची (गणेशचतुर्थीची) साफसफाई काढलीय. आज माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात पुरणयंत्राची चकती सापडली. नुसती चकती, यंत्राचा पत्ता नाही. भोकांत काहीतरी वाळून बसलं होतं, ते टाचणीनं काढता काढता २००४ची होळी आठवली आणि हातातलं काम तसंच राहिलं.

मी माहेरची सांगलीची. डिसेंबरात लग्न होऊन गोव्यात साखळीला आले, मार्चात होळी. सासूबाई सकाळी देवळात निघाल्या, उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "बाय, पोळ्यो करून दवर, हांव येतां." म्हटलं, एवढंच ना! आमच्याकडे पोळी म्हणजे रोजची घडीची. जाऊबाई माहेरी गेलेल्या, विचारायला कोणी नाही. अकरा माणसं, माणशी चार. चव्वेचाळीस पोळ्या लाटल्या. तेल लावून, पदर सुटलेल्या, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून डबा भरला आणि वर पदर खोचून वाट बघत बसले.

सासूबाई आल्या. झाकण काढलं. वरच्या दोन उचलून खाली पाहिलं, आणखी दोन उचलून पाहिलं. "ह्यो चपात्यो न्हय गो? पोळ्यो खंय?"

इथे पोळी म्हणजे पुरणाचीच हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डाळ भिजतसुद्धा घातली नव्हती. मग तशीच कुकरला लावली, सात शिट्ट्या, तरी दाणा बोटाला लागतोय. सासूबाई यंत्र फिरवतायत, मी चकती दाबून धरलीय, मामंजी सोवळं नेसून दर दहा मिनिटांनी दारात. नैवेद्य दुपारी अडीचला. पहिल्या चार पोळ्या फुटल्या, पाचवी देवाला. आणि पुढचे दोन दिवस अख्खं घर फोडणीची चपाती खात होतं. अजून होळी आली की दीर विचारतात, वयनी, यंदा चव्वेचाळीस का?

तुमचंही येऊ द्या. पुरणाची, गुळाची, बटाट्याची, काय भरलं असेल ते.

पोंपों

आईशपथ, पोळ्यो!! मी पुण्याहून आलो, म्हापशात खोली घेतली. पहिल्याच सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला म्हणून खाली उतरून म्हटलं दोन पोळी द्या. त्यानं दोन पोई (इथले गोल पाव) दिल्या. तीन वर्षं झाली, पोईच खातोय. आत पोकळी आयती असतेच, कालची भाजी ढकलायची, तव्यावर दाबायची, झाला भरलेला पराठा. लाटणं नको, पोळपाट नको.

आबोली_७

माझं पोळी नाही, पोळे. नणंद म्हणाली उद्या नाश्त्याला पोळे करूया. मी रात्री परात घेऊन कणीक मळायला बसले, ती शेजारी तांदूळ आणि उडीद भिजत घालतेय. दोघी एकमेकींकडे बघतोय. डोशाला पोळे म्हणतात हे लग्नाच्या याद्या करताना सांगायला हवं.

वेर्णा_सेकंड_शिफ्ट

लाटणं नाही म्हणून हुर्राकच्या (काजूच्या दारूच्या) बाटलीनं लाटले. रिकामी होती. मे महिन्यातली.

आलू पराठा. चार केले, चारी फाटले. लाटताना मधूनच बटाटा डोकं काढतो, वर कोरडं पीठ टाकलं की तिथेच चिखल. सारण तर रात्रीच करून ठेवलं होतं, मीठ-मिरची-कोथिंबीर सगळं घालून, सकाळी घाई नको म्हणून. सकाळी वाटीच्या तळाशी पाणी. रूममेटनं शेवटी सगळं एकत्र मळून थालीपीठ थापलं आणि म्हणाला हे असंच करायचं असतं. त्याला काय माहीत, तो केरळचा आहे.

फोंड्याची_काकू

अरे बाळा, मीठ रात्री घातलंस तिथेच घोटाळा झाला. मीठ लागलं की कांदा-कोथिंबीर पाणी सोडणार, बटाटाही सैल पडणार. मीठ अगदी गोळे भरायच्या वेळी. बटाटे मात्र आदल्या रात्रीच उकडून सालीसकट फ्रीजमध्ये टाक आणि सकाळी थंड असताना किसून घे. कुस्करू नको. गरम असताना रगडला की बटाट्याची खळ होते, ती लाटण्याला चिकटते.

दुसरं म्हणजे कणीक आणि सारण, दोन्ही अंगठ्यानं दाबून बघायचं. दोन्हीचा मऊपणा सारखा लागला पाहिजे. सारण घट्ट आणि कणीक सैल असेल तर लाटण्याखाली कणीक पळते, सारण मधे बसून राहतं आणि तिथेच फुटतं. पुरणालाही हाच नियम, म्हणून तर पोळीची कणीक एवढी सैल आणि तेलात मुरवलेली. मी दोन तास ठेवते. पारी करताना कडा पातळ, मधे जाड. तोंड मिटलं की वरचं जास्तीचं पीठ चिमटून काढून टाक, नाहीतर तिथे कच्ची गाठ राहते. आधी बोटांनी थापून सारण कडेपर्यंत ने, मगच लाटणं लाव. बाटली नको, तिचा मधला भाग फुगीर असतो.

हुर्राकचं माझ्या मुलाला कळू देऊ नको, तोही वेर्ण्यालाच आहे.

वेर्णा_सेकंड_शिफ्ट

काकू, नाव सांगा, आम्ही ओळखत असू.

फोंड्याची_काकू

म्हणूनच सांगत नाही.

चोर्ला_बंद

बटाट्याचं निघालंच आहे तर, आमचे आजोबा सांगायचे की १९५५ साली भारतानं गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा घाटावरचा माल यायचा थांबला आणि बटाटे बोटीतून थेट हॉलंडहून यायला लागले. सिमेंट जपानचं, बटाटा हॉलंडचा. आज चोर्ला घाटात दरड पडली की दुसऱ्या दिवशी म्हापशात बेळगावची भाजी महाग होते, तेव्हा मला दर वेळी ते हॉलंडचे बटाटे आठवतात.

पोंपों

म्हणजे तेव्हा आलू पराठा केला असता तर तो डच!

चोर्ला_बंद

पराठा कोण करतंय तेव्हा. आजी म्हणायची, घरात गहू यायचा तो सणाला. एरवी पेज आणि खारातली कैरी.

उकडो

माझा गुन्हा माडाच्या गुळाचा. गेल्या होळीला घरी एकटा पुरुष आणि अंगात हुशारी. म्हटलं गोव्यात राहून घाटावरचा पिवळा गूळ कशाला, आपला काळा शंकूचा गूळ घालू. एक किलो डाळ, एक किलो गूळ. पहिली वीस मिनिटं मजा आली, वासच असा सुटला की शेजारचे विचारायला आले. मग लक्षात आलं की हे आटतच नाहीये. बुडबुडे येतात, फुटतात, चटके उडतात, पण पातळ ते पातळच. आई सांगायची, उलथनं मधे उभं राहिलं की पुरण झालं. मी उभं केलं, त्यानं हळूच वाकून नमस्कार केला आणि आडवं झालं. दर पाच मिनिटांनी तेच. सव्वा तास.

अर्धं ताटात पसरून पंख्याखाली ठेवलं, अर्धं कढईत, ते खाली लागलं. शेवटी डाळ्यांचं पीठ घालून वळता येईल एवढं केलं. त्या गुळाला मुळातच खारट झाक, त्यात मी सवयीनं मीठ घातलेलं. सहा पोळ्या कशाबशा झाल्या. रंग ओल्या चिऱ्यासारखा. सातवी उलटताना अर्धी तव्यावर, अर्धी उलथन्यावर, आणि मधे पुरणाची तार.

आईला व्हिडिओवर दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "तो गूळ मी पातोळ्यांसाठी ठेवला होता."

आबोली_७

उलथनं नमस्कार करून आडवं झालं, हे वाचून मी ऑफिसात हसले. साहेबांनी वर बघितलं.

फोंड्याची_काकू

उकडो, तो गूळ ओल धरतो रे. घालायचाच तर पाव भाग, बाकी साधा. आणि डाळ शिजली की चाळणीत अर्धा तास निथळू द्यायची, खालचा कट आमटीला. निथळवली होतीस का?

उकडो

...नाही.

मडगाव_लोकल

गुळपोळी. संक्रांतीचा दिवस, दोन मुलं, बँकेत पावणेदहाला हजर व्हायचं. सारण कडेपर्यंत गेलं नाही, मधे गुळाचं बेट आणि भोवती नुसती कोरडी कणीक. सासरे कडा मोडून कावळ्यांना घालत होते, माझ्यासमोर. दुसऱ्या घाण्याला सारण कडेपर्यंत नेलं तर कड उघडली आणि गूळ तव्यावर वाहिला. पुसायला गेले. वितळलेला गूळ बोटाला चिकटतो, सुटत नाही, पाण्यात घातलं तरी आत जळतच राहतं. डाग अजून आहे. त्या दिवशी बँकेत डाव्या हातानं सह्या केल्या.

बाकी बरी झाली होती.

आबोली_७

अगं आई गं. बर्नॉल लावलंस का?

मडगाव_लोकल

नुसतं थंड पाणी. आता त्या पोळ्या कातणीनं कापून घेते, कडेचं पीठ आधीच बाजूला. सासऱ्यांनी तोडायला काही उरतच नाही.

तिसवाडी_जुनी

मला स्वतःला पोळी धड येत नाही, शेजारच्या आंटीचं सांगते. आम्ही त्यांच्या वाड्यात भाड्यानं. होळीला आमच्याकडून त्यांना पोळ्यो, नाताळला त्यांच्याकडून कुसवाराचं (नाताळच्या फराळाचं) ताट, हे वर्षानुवर्षं. एका वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले. होळीला घरात काही गोड करायचं नव्हतं. संध्याकाळी आंटी मागच्या दारानं आली, हातात झाकलेली बशी. आले-बेले. मैद्याचं पातळ धिरडं, आत खोबरं आणि गूळ घालून गुंडाळलेलं. तिला आमचे नियम माहीत नव्हते, म्हणाली, तुमच्याकडे आज भरलेलं काहीतरी असतं ना, मला हेच येतं. आई गप्प. आजीनं बशी घेतली आणि म्हणाली, करायचं नाही म्हटलंय, खायचं नाही असं कोणी म्हटलंय?

आम्ही सगळ्यांनी एकेक खाल्लं. आईनं अर्धं.

वाळवंटीकाठ

तिसवाडी, हे वाचून थांबले जरा.

काणकोण_तिखट

वातावरण बदलतो. किसमूर भरलेला पराठा. सुकी सुंगटं (कोळंबी) तव्यावर कुरकुरीत भाजायची, डोकी-शेपट्या काढून हातानं चुरडायची, ओलं खोबरं, कांदा, तिखट, चिंचेचा थेंब. कांदा आणि खोबरं आयत्या वेळी, नाहीतर सुंगटं मऊ पडतात. मीठ चाखूनच, सुंगटं खारट असतात. एकदा एक अखंड डोकं आत राहिलं आणि त्याच्या टोकानं पराठा फाडला. मी तोच भाग पाहुण्यांना वाढला.

चोर्ला_बंद

श्रावण चालू आहे हो. दुष्ट आहात.

पोंपों

अजून नऊ दिवस. मी मोजतोय.

मडगाव_लोकल

तांबड्या भाजीचा (लाल माठाचा) पराठा कोणी केलाय का? मुलगी नुसती भाजी खात नाही. मी चिरून मिठात चोळून पिळून घेतली, तरी पराठा गुलाबी आणि ओला. डब्यात गुलाबी, दप्तरात गुलाबी.

फोंड्याची_काकू

ती भरायची नाही, कणकेतच मळायची. भरायला मुळा चालतो, तोसुद्धा किसून, पिळून, कढईत दोन मिनिटं परतून. आणि पिळलेलं पाणी टाकू नये, त्यातच कणीक भिजवावी.

उकडो

एक प्रश्न. पोळीवर तुमच्याकडे काय? आमच्याकडे नारळाचा रस, गूळ-वेलची घातलेला. घाटावरची मंडळी दूध-तूप म्हणतात.

वाळवंटीकाठ

सांगलीला दूध आणि तूप, शिवाय कटाची आमटी. इथे आल्यावर रस. पहिल्या वर्षी मला तो रस म्हणजे पाणी घातलेली बासुंदी वाटली होती. आता माहेरी गेले की दुधात पोळी घशाखाली उतरत नाही.

आबोली_७

वाळवंटीकाठ, माझ्याकडे पुरणयंत्र आहे, चकती हरवलीय! पितळेचं, आजेसासूबाईंचं. तुमच्या चकतीचं माप काय?

वाळवंटीकाठ

थांबा, पट्टी आणते. साडेतीन इंचांना जरा कमी.

आबोली_७

माझं सव्वाचार. पोरानं दोनदा मोजलं.

वाळवंटीकाठ

राहिलं मग. शुक्रवारी म्हापसा बाजारात बघते, भांडीवाल्यांच्या ओळीत. मिळालं तर तुमच्यासाठीही चकती विचारते.

आबोली_७

चालेल. गाडी लांबच लावा, चवथीआधी आत घुसायला जागा नसते. बरं, कुकर झाला, येते.

वाळवंटीकाठ

सासूबाईंना आत्ता सगळा धागा वाचून दाखवला. त्यांना कान कमी आहे, मोठ्यानं वाचावा लागला, शेजारीही ऐकून गेले. किसमूरला "हूं" म्हणाल्या. माझं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, चव्वेचाळीस न्हय, आठतीस आशिल्ल्यो. त्यांनी त्या दिवशी मोजल्या होत्या म्हणे.

मी लाटताना मोजून चव्वेचाळीस केल्या होत्या. मधल्या सहांचं काय झालं विचारलं तर मामंजी पेपर वर धरून बसलेत.

पोंपों

फोडणीची चपाती कशी करतात? पोईची होईल का?