मदत हवी आहे: जपानची ग्रुप टूर एप्रिलमध्ये की नोव्हेंबरमध्ये?

नमस्कार मंडळी, आई-बाबांना घेऊन जपानच्या ग्रुप टूरला जायचंय. दोघंही सत्तरीचे. साकुरा (चेरीची फुलं) बघायची आईची फार इच्छा, पण टोकियो-क्योतोतला बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, तोही जेमतेम आठवडा-दहा दिवस. टूरची तारीख आपण सहा महिने आधी ठरवायची आणि फुलं मात्र थंडीच्या लहरीवर! 29 एप्रिलपासूनचा गोल्डन वीक तर बादच, तेव्हा अख्खा जपान सुट्टीवर. जून-जुलैत पाऊस, सप्टेंबरात वादळं. मला नोव्हेंबरअखेर बरी वाटतेय, क्योतोत मेपल लाल झालेले असतात. तेव्हा कुणी गेलं होतं का? गर्दी कितपत होती? आणि टूरवाले मंदिरांत निवांत बसू देतात की नुसतंच पळवतात?